नेपाळला कोणत्या महिन्यात जावे?

नेपाळला जाण्यासाठी सर्वांत चांगला काळ कोणता, असे विचारले की ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ हे उत्तर ठरलेले असते. ते चुकीचे नाही. मात्र केवळ तेवढ्यावर विसंबून तिकिटे काढणे घाईचे ठरते. दक्षिणोत्तर जेमतेम दीड-दोनशे किलोमीटर रुंदीच्या या देशातली जमीन समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांपेक्षाही कमी उंचीवर सुरू होते आणि ८,८४८.८६ मीटरांपर्यंत चढत जाते. त्यामुळे मे महिन्यातल्या एकाच दुपारी लुंबिनीत पारा चाळिशीच्या आसपास असतो, काठमांडूत सुती कपड्यांत सुखाने हिंडता येते आणि एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर गिर्यारोहक पिसांची जाडजूड जाकिटे घालून अनुकूल हवेची वाट पाहत बसलेले असतात. म्हणून महिना ठरवण्याआधी ठिकाण ठरवावे, त्या ठिकाणाची उंची पाहावी आणि मगच दिनदर्शिका उघडावी. उंची आणि थंडी यांचा हिशेब सोपा आहे: दर हजार मीटरांमागे तापमान साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. पोखरा सुमारे ८२० मीटरांवर, काठमांडू १,४०० मीटरांवर, मुक्तिनाथ ३,७०० मीटरांहून वर आणि एव्हरेस्टचा तळ ५,३६४ मीटरांवर आहे, एवढे आकडे टिपून ठेवले तरी कोणाला किती लोकरीचे कपडे लागतील याचा अंदाज घरबसल्या येतो.

पावसाचे गणित आधी समजून घ्यावे

नेपाळमधले ऋतू थंडीपेक्षाही पावसाने ठरतात. बंगालच्या उपसागराकडून येणारे मोसमी वारे पूर्वेकडून देशात शिरतात. पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यास सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास माघार घेतो. वर्षभरातला सुमारे ऐंशी टक्के पाऊस याच काळात पडून जातो. मात्र तो सगळीकडे सारखा नसतो. अन्नपूर्णा रांगेच्या दक्षिण उतारावरील लुम्ले या गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच रांगेच्या पलीकडच्या, मुस्तांगमधल्या जोमसोमला तो जेमतेम तीनशे मिलिमीटरांच्या घरात असतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळत असताना त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, तोच हा प्रकार आहे. फक्त इथे ढगांना आडवा येणारा डोंगर पाच-सहा पट उंच आहे. ‘पावसाळ्यात नेपाळला जाऊ नये’ हा सरसकट सल्ला मुस्तांगसारख्या पर्जन्यछायेतल्या प्रदेशाला का लागू पडत नाही, ते यावरून कळावे.

पावसाच्या माघारीची तारीख हवामान खात्याच्या तक्त्यात दिसते तितकी नेमकी प्रत्यक्षात नसते, आणि गेल्या काही वर्षांत तर ती अधिकच बेभरवशाची झाली आहे. २०२४ मध्ये २६ ते २८ सप्टेंबर या तीन दिवसांत काठमांडू खोऱ्यासह मध्य आणि पूर्व नेपाळमध्ये अतिवृष्टी होऊन दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि राजधानीकडे येणारे महामार्ग बंद झाले. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पूर्वेकडील इलाम भागात दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. तेव्हा ‘ऑक्टोबर’ असा एकच महिना न धरता त्याचे दोन भाग धरावेत: पहिले दहा-बारा दिवस पावसाच्या हिशेबात आणि नंतरचे शरद ऋतूच्या हिशेबात.

शरद ऋतूतही एक धोका उरतो, तो उपसागरात उठणाऱ्या चक्रीवादळांचा. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकलेल्या ‘हुदहुद’ वादळाचे अवशेष दोनच दिवसांत हिमालयाला जाऊन भिडले, अन्नपूर्णा आणि धौलागिरी परिसरात एकाएकी प्रचंड हिमवृष्टी झाली आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीत व आसपास चाळीसहून अधिक लोक प्राणास मुकले. आकाश निळेभोर असण्याचा हाच हंगाम असल्याने कित्येक जण खिंडीच्या वाटेवर होते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात उंचावर पदभ्रमण करणाऱ्याने नेपाळच्या हवामानाबरोबर आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावरील बातम्यांकडेही लक्ष ठेवावे आणि वादळ उठल्याचे कळल्यास दोन दिवस खालच्या गावातच मुक्काम वाढवावा.

दिवाळीची सुट्टी

शाळकरी मुले असलेल्या मराठी कुटुंबाला प्रत्यक्षात दोनच सुट्ट्या मिळतात, दिवाळीची आणि मे महिन्याची. या दोहोंत नेपाळसाठी दिवाळीची सुट्टी निःसंशय उजवी आहे. चार महिन्यांच्या पावसाने हवेतली धूळ आणि धूर धुऊन निघालेला असतो, वाऱ्याचा जोर कमी असतो, दिवसा कोवळे ऊन पडते आणि सकाळी हिमशिखरे स्वच्छ दिसतात. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात काठमांडूत दुपारी एका पातळ स्वेटरवर भागते, रात्री मात्र पारा दहा अंशांखाली उतरू शकतो. पोखऱ्यात त्याहून ऊब असते. पहाटे सारंगकोटच्या टेकडीवर उभे राहिले की ६,९९३ मीटर उंचीचा माछापुच्छ्रे समोर असतो. आधी टोकावर तांबूस रेघ उमटते, ती खाली सरकत दक्षिण अन्नपूर्णेपर्यंत पसरते आणि अर्ध्या तासात सगळी रांग पांढरी होऊन जाते. हे दृश्य ज्या प्रवासाचा मुख्य हेतू आहे, त्या प्रवासासाठी वर्षातला दुसरा कोणताही पंधरवडा इतका भरवशाचा नाही.

तरी दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते, याचा विचार करावा लागतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला येते. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी पोखरा, काठमांडू, चितवनचे जंगल असा सौम्य उंचीचा प्रवास तर चांगला होतोच, शिवाय उंच प्रदेशातली थंडीही सुसह्य असते. दिवाळी उशिरा असेल त्या वर्षी आकाश अधिक स्वच्छ मिळते, गर्दी ओसरू लागलेली असते, पण चार-पाच हजार मीटरांवर रात्रीचे तापमान शून्याखाली दहा अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली जाते. लहान मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर अशा वर्षी तीन हजार मीटरांच्या वर मुक्काम टाळणे श्रेयस्कर.

सणांचाही विचार याच ठिकाणी करावा. आपले नवरात्र आणि दसरा म्हणजे तिथला दशैं. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत चालणारा हा नेपाळचा सर्वांत मोठा सण आहे. सातव्या दिवसापासून, म्हणजे फूलपातीपासून, सरकारी कचेऱ्या बंद होतात, काठमांडूतली निम्मीअधिक मंडळी आपापल्या गावी जातात, बसगाड्या आणि अंतर्गत विमाने महिनाभर आधी भरतात, आणि शहरातली बरीच दुकाने व खाणावळी दोन-चार दिवस उघडतच नाहीत. ज्याला नेपाळी घरात बसून मोठ्यांच्या हातून कपाळाला तांदूळ-दह्याचा टिळा लावून घेण्याचा योग येणार आहे, त्याने अवश्य जावे; ज्याला नुसती स्थळे पाहायची आहेत, त्याने दसऱ्याचे चार दिवस वगळावेत.

तिहार म्हणजे तिथली दिवाळी मात्र पाहुण्याला सोयीची असते, कारण ती रस्त्यावर साजरी होते. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, तिसरा गाईचा आणि लक्ष्मीचा. कुकुर तिहारच्या सकाळी काठमांडूच्या गल्लीबोळांत एरवी हाकलली जाणारी भटकी कुत्रीसुद्धा गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर लाल टिळा मिरवत उन्हात पसरलेली दिसतात, आणि पोलिसांच्या श्वानपथकातल्या कुत्र्यांचाही त्या दिवशी सत्कार होतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपासून दारोदार देउसी-भैलो गात मुलांच्या टोळ्या फिरतात. भाऊबिजेच्या दिवशी बहीण उंबऱ्यावर अक्रोड फोडते आणि भावाला सात रंगांचा उभा टिळा लावते. घरची दिवाळी सोडून जावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घराबाहेर दिवाळी काढायचीच असेल तर काठमांडू खोऱ्यातल्या भक्तपूर किंवा पाटणच्या जुन्या चौकात ती परकी वाटत नाही.

मे महिन्याची सुट्टी

मे महिन्याविषयी प्रवास कंपन्यांची पत्रके गप्प राहतात, म्हणून तिथे थोडे थांबावे लागेल. मार्च ते मे हा नेपाळचा कोरडा, तापत जाणारा काळ आहे. जंगलांना वणवे लागतात, शेतातली धसकटे जाळली जातात, गंगेच्या मैदानातला धुरळा उत्तरेकडे सरकतो आणि या सगळ्याचा करडा पडदा डोंगरांच्या पायथ्याशी साचून राहतो. २०२१ च्या मार्चअखेरीस काठमांडूची हवा इतकी बिघडली की शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. अशा दिवसांत पोखऱ्याच्या फेवा तलावाकाठी उभे राहिले तर समोर अन्नपूर्णा रांग आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. नुसते पांढुरके आभाळ दिसते. त्यामुळे ‘मे महिन्यात पोखऱ्याला गेलो आणि डोंगरच दिसले नाहीत’ ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि त्यात दोष पोखऱ्याचा नसतो.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे पोखऱ्यात एकच रात्र न काढता तीन रात्री काढाव्यात. दुपारनंतर गडगडाटासह येणारी वळवाची सर पडून गेली की दुसऱ्या दिवशीची पहाट बहुधा लख्ख उजाडते आणि दोन-तीन तास शिखरे दिसतात. तीन पहाटांपैकी एखादी तरी अशी मिळण्याची शक्यता बरीच असते. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे धुरळ्याच्या वर चढून जाणे. तीन हजार मीटरांच्या पुढे हवा पुष्कळ स्वच्छ असते, थंडी बोचरी राहिलेली नसते आणि दिवस मोठा असतो. नामचे बाजार, लांगटांग खोऱ्यातले क्यांजिन गोम्पा, कागबेनी आणि मुक्तिनाथ ही ठिकाणे मे महिन्यात पोखरा-चितवनपेक्षा कितीतरी सुखाची आहेत. चितवन आणि लुंबिनी ही सखल, तापणारी ठिकाणे मात्र मे महिन्यात सरळ वगळावीत. वैशाख पौर्णिमेला लुंबिनीत बुद्धजयंतीचा सोहळा असतो, त्यासाठी जाणाऱ्या भाविकाने सकाळी लवकर दर्शन घेऊन उन्हाच्या आत निवाऱ्याला परतावे.

एव्हरेस्टचा तळ पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना एप्रिल-मे हाच काळ आकर्षक वाटेल, कारण तिथे गिर्यारोहण मोहिमांची वस्ती त्याच काळात असते. हिवाळाभर शिखरावरून वाहणारा अतिउंचीवरचा वेगवान वायुप्रवाह मेच्या मध्यानंतर उत्तरेकडे सरकतो आणि मोसमी पाऊस यायच्या आत काही दिवस वारा मंदावतो. तेन्झिंग आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोहोचले ते याच संधीकाळात, आणि आजही बहुतेक मोहिमा याच दिवसांवर डोळा ठेवून आखल्या जातात. ऑक्टोबरात त्याच जागी मोहिमांचे तंबू जवळपास नसतात, फक्त दगड आणि हिमनदी असते. शिखरांचे दृश्य ऑक्टोबरात चांगले, तर गिर्यारोहणाचे वातावरण मे महिन्यात.

फुलांसाठी जाणाऱ्यांना मात्र मे उशिराचा पडतो. नेपाळचे राष्ट्रीय फूल असलेला लालीगुराँस, म्हणजे आपल्याकडे ऱ्होडोडेंड्रॉन म्हणून ओळखला जाणारा वृक्ष, घोरेपानीच्या जंगलात मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बहरतो. साडेतीन हजार मीटरांच्या वरचे प्रकार मे महिन्यापर्यंत फुललेले सापडतात. ज्यांच्यामागे शाळेचे वेळापत्रक नाही, त्या निवृत्त मंडळींनी एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडावा. फुले मिळतात, नेपाळी नववर्षाच्या सुमारास म्हणजे १४ एप्रिलच्या मागेपुढे भक्तपूरला बिस्केट जात्रेतला रथोत्सव पाहता येतो आणि दिवाळीच्या मानाने गर्दी बेताची असते. सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत आहे म्हणून जूनमध्ये जाण्याचा बेत मात्र करू नये. उकाडा शिगेला पोहोचलेला असतो, डोंगर ढगांत असतात आणि पाऊस कधीही येऊन ठेपतो.

थंडीत काय जमते आणि काय जमत नाही

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाबद्दलची भीती अर्धी खरी आहे. काठमांडूत जानेवारीच्या पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येतो, पण दुपारी सतरा-अठरा अंशांपर्यंत चढतो आणि ऊन छान असते. खरी अडचण घरांची आहे, कारण साध्या हॉटेलांत खोली तापवण्याची सोय नसते. खोली ठरवताना हीटर आणि गरम पाण्याची चौकशी आधी करावी. अडीच हजार मीटरांपर्यंतची छोटी पदभ्रमणे या दिवसांत उत्तम होतात आणि वाटा मोकळ्या असतात. पश्चिमी झंझावात आला की त्याहून उंचावर बर्फ पडते, थोरोंगसारख्या खिंडी जानेवारी-फेब्रुवारीत बहुधा अडतात आणि उंचावरच्या गावांतले कित्येक निवासचालक खाली उतरून गेलेले असतात.

तराईचे, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्याचे, गणित याच्या उलट आहे. उंची कमी म्हणून तिथे उबदार असेल असे वाटते. प्रत्यक्षात डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर दाट धुके पडते, कधी कधी सलग काही दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि ओलसर गारठा हाडांत शिरतो. भैरहवा आणि नेपाळगंजची विमाने रखडतात. मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर आणि तिथून सुनौलीमार्गे नेपाळ हा खिशाला परवडणारा मार्ग याच धुक्यात सापडतो. उत्तर प्रदेशातल्या गाड्या या दिवसांत तासन्‌तास उशिराने धावतात. नाताळाच्या आठवड्यात जायचे असेल तर रेल्वेचा बेत सोडून विमानाने काठमांडू गाठावे, आणि पोखऱ्याला जाऊन सकाळचे धुके विरण्याची दहापर्यंत वाट पाहावी. धुके विरल्यावर दिसणारी शिखरे नोव्हेंबरइतकीच स्वच्छ असतात.

चितवनचा सर्वोत्तम काळ मात्र धुके सरल्यावर लगेच सुरू होतो. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यानंतर हत्तीगवत इतके माजते की त्यात उभा असलेला गेंडा जीपमधून दिसत नाही. जानेवारीच्या सुमारास आसपासच्या गावकऱ्यांना काही दिवस आत जाऊन छपरासाठी गवत कापू दिले जाते, उरलेले जाळले जाते आणि काळ्या पडलेल्या जमिनीतून कोवळे अंकुर वर आले की हरणे आणि गेंडे उघड्यावर चरायला येतात. २०२१ च्या गणनेत चितवनमध्ये ६९४ एकशिंगी गेंडे मोजले गेले. ते पाहायचे असतील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च यांना तोड नाही. दिवाळीत गेलेल्यांनाही गेंडा दिसतो, पण बहुधा नदीकाठी आणि नशिबाने.

पावसाळ्यातच जायचे असेल तर

पावसाळ्यात रस्त्यांवर भरवसा ठेवू नये, ही पहिली अट. १२ जुलै २०२४ च्या पहाटे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या, आणि हा रस्ता आडवाटेचा नसून देशातल्या प्रमुख मार्गांपैकी आहे. म्हणून पावसाळ्यात रात्रीचा बसप्रवास पूर्णपणे टाळावा. मुस्तांग आणि डोल्पो हे पर्जन्यछायेतले प्रदेश त्या दिवसांत खरोखरच पाहण्याजोगे असतात, पण तिथवर पोहोचण्याचा रस्ता ओल्या डोंगरातून जातो आणि पोखरा-जोमसोम विमाने ढगांमुळे सारखी रद्द होतात. हाताशी चार-पाच दिवस जास्तीचे नसतील तर हा बेत करू नये. अन्नपूर्णेच्या दक्षिण बाजूला जळवा आहेतच.

काठमांडू खोऱ्यापुरता प्रवास मात्र पावसाळ्यातही होतो. पाऊस बराचसा रात्री पडतो, हवा स्वच्छ असते, हॉटेले स्वस्त असतात आणि मंदिरे, काष्ठशिल्पे व वस्तुसंग्रहालये पाहायला ढग आड येत नाहीत. नेपाळी असार महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे २९ जूनच्या सुमारास, भातलावणीचा उत्सव असतो आणि चिखलात माखलेली माणसे बांधावर बसून दही-पोहे खातात. इंद्रजात्रेत जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या कुमारीचा रथ निघतो तो आपल्या अनंत चतुर्दशीच्या सुमारास. घरचे गणपती दीड दिवसाचे असतील त्यांनीच याचा विचार करावा, हे ओघाने आलेच.

पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ

यात्रेकरूंसाठी ऋतूबरोबर तिथीही पाहावी लागते. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाला लाखो भाविक आणि देशभरातले साधू जमतात. ती गर्दीच पाहायची असेल तर तो दिवस गाठावा, निवांत दर्शन हवे असेल तर त्या आठवड्याच्या बाहेर राहावे. श्रावणी सोमवारांबाबत मराठी यात्रेकरूंचा हमखास घोटाळा होतो. नेपाळमध्ये श्रावण सौर महिन्याप्रमाणे जुलैच्या मध्यास सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यास संपतो, आपला श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो. त्यामुळे आपण श्रावणी सोमवार म्हणून ज्या दिवशी पोहोचतो, तेव्हा तिथली सोमवारची गर्दी बऱ्याचदा ओसरलेली असते. हरितालिकेच्या दिवशी तिथे तीज असते आणि लाल साड्यांतल्या स्त्रियांची देवळापासून रस्त्यापर्यंत रांग लागते, त्या दिवशी पुरुषमंडळींनी दर्शनाचा हट्ट धरू नये.

मुक्तिनाथासाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य आणि एप्रिल-मे हे दोनच काळ ज्येष्ठांना सुचवता येतील. पावसाळ्यात वाटेवरच्या कालीगंडकी नदीला पाणी चढलेले असते, रस्ता खचतो आणि शाळिग्रामाच्या शोधात पात्रात उतरणे धोक्याचे ठरते. कडाक्याच्या थंडीत देवळामागच्या एकशे आठ धारांखालच्या फरशीवर बर्फ साचून पाय घसरतो. ऋतू कोणताही असो, कालीगंडकीच्या घळीतला वारा रोजचा ठरलेला आहे: सकाळी जोमसोमला झाडाचे पान हलत नाही, अकराच्या सुमारास धूळ उडू लागते आणि दुपारी दोन वाजता टोपी हाताने धरून वाऱ्याच्या विरुद्ध वाकून चालावे लागते. म्हणून जोमसोमची विमाने सकाळीच उडतात आणि दर्शनही सकाळीच उरकावे. पोखऱ्याहून एका दिवसात सुमारे तीन हजार मीटर चढून जाणे साठीपुढच्या माणसाला झेपेलच असे नाही. जोमसोमला एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वर जावे.

महिना ठरला की आरक्षणाचा क्रम लावावा. दिवाळीच्या प्रवासाची विमाने आणि हॉटेले जुलै-ऑगस्टमध्येच पाहावीत. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाला विमानाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी: शरद आणि वसंत या गर्दीच्या हंगामांत लुक्लाची बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात, तिथवर चार-पाच तासांचा रस्ता आहे आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. डोंगरातले विमान नेहमी पहिल्या फेरीचे घ्यावे. प्रवासाची आखणी करताना डोंगराचा भाग आधी आणि काठमांडूचा भाग शेवटी ठेवावा, म्हणजे जोमसोम किंवा लुक्लाचे विमान एक-दोन दिवस अडकले तरी भक्तपूरचा एखादा दिवस कमी होईल, परतीचे तिकीट वाया जाणार नाही.